चिमूटभर माती, लादीभर बर्फ

[दृश्य: सांगली, कृष्णाकाठचं अंगण. थंडीतली सकाळ. पाटावर बर्फाची लादी.]

रानातली काळी माती वाळवून पिठाच्या चाळणीने चाळली आहे. लादीच्या एका टोकाला तिची चिमूट भुरभुरली, दाणे सुटे दिसतील इतकी विरळ. दुसऱ्या टोकाला तीच माती चार बोटं जाड थापली. मधला भाग कोरा ठेवला.

विरळ मातीखालचा बर्फ लवकर खचतो, जाड थराखालचा टिकतो. बर्फवाले लादी भुशात ठेवतात ते याचसाठी. पातळ थराने शोषलेलं ऊन लगेच खाली बर्फात उतरतं, जाड थरात ते वरच अडकतं. ज्या जाडीला थर बर्फ वितळवायचं सोडून राखू लागतो, तो उंबरठा हिमनदीवर दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास असतो. मातीचा प्रकार आणि ओलावा बदलला की तोही बदलतो.

लादी सपाटच ठेवा, कलली तर पाणी माती वाहून नेतं. आणि एप्रिलच्या दुपारी हा प्रयोग करू नका. हवाच एवढी तापलेली असते की कोरा भागही भराभर वितळतो, फरक दिसतच नाही.

[दृश्य: हिमनदी, अगदी जवळून. काळ्या तळाचे गोल, पाण्याने भरलेले खड्डे.]

खड्ड्यांच्या तळाशी आहे ती वाऱ्याने आणलेली धूळ, क्रायोकोनाइट. तिच्याखालचा बर्फ लवकर वितळतो, म्हणून हे खड्डे पडतात. १८७० मध्ये संशोधक नॉर्डेनशेल्ड यांनी ग्रीनलंडच्या बर्फावर तिची नोंद केली. ताजं हिम ८० टक्क्यांहून जास्त ऊन परतवतं. ही धूळ जेमतेम १० ते २० टक्के.

हिशेब करून पाहू. चौरस मीटरवर ५०० वॉट ऊन आहे आणि धुळीमुळे त्यातलं ४० टक्के जास्त शोषलं गेलं, तर तासाला ७ लाख २० हजार ज्यूल उष्णता वाढली. किलोभर बर्फ वितळायला ३ लाख ३४ हजार लागतात. म्हणजे तासाला दोन लिटरहून अधिक जादा पाणी!

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली काळपट गोळी, तिच्यातून निघालेले धागे.]

या धुळीत जीव आहेत, आणि खरी मेख तिथेच आहे. सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे उन्हावर अन्न बनवणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंचे, धागे कण गुंफून मिलिमीटरभराच्या गोळ्या करतात. गोळ्या सहज वाहून जात नाहीत, आणि सेंद्रिय द्रव्य कुजत गेलं की आणखी काळ्या पडतात.

खड्डा खोल गेला की तळाशी ऊन कमी पोचतं, खोली स्थिरावते. मग ढगाळ, उबदार, वाऱ्याचे दिवस येतात. भोवतालचा बर्फ वरून वितळतो, खड्डे उथळ होतात, गाळ बाहेर पसरतो. पुढचं स्वच्छ ऊन पडतं ते या पसरलेल्या काळ्या थरावर. म्हणून नुसते खड्डे मोजून वितळण्याचा अंदाज बांधला, तर तो कमी भरतो.