वाहत्या हवेला विजेचा रेटा

मॅक 12 ने, म्हणजे आवाजाच्या 12 पट वेगाने, उडणाऱ्या यानाभोवतीची हवा जमिनीवर कशी निर्माण करायची, हा आपला प्रश्न. वेग सेकंदाला सुमारे 3.7 किलोमीटर, म्हणजे दर किलो हवेमागे 7 मेगाज्यूल ऊर्जा. नेहमीची रीत अशी, की हवा टाकीत तापवायची, दाबायची आणि नोझलमधून सोडायची. उड्डाणाचा गतिज दाब (हवेच्या वेगामुळे येणारा दाब) 50 किलोपास्कल धरला, तर आदर्श वायूच्या हिशेबानेही टाकीत 700 बार लागतात. खऱ्या हवेचे रेणू तापल्यावर फुटतात, त्यामुळे आकडा आणखी वर जातो. तापमान 4000 केल्विनच्या पुढे. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि नोझलच्या गळ्याशी उष्णतेचा मारा सर्वांत जास्त असतो.

म्हणून सगळी ऊर्जा टाकीत भरायचीच नाही. आर्क हीटरमधून, म्हणजे विजेच्या ठिणगीने हवा तापवणाऱ्या भट्टीतून, निघालेल्या हवेला वाटेत, चॅनेलमध्ये, वीज आणि चुंबक मिळून ढकलतात.

त्यासाठी हवेतून वीज वाहायला हवी. तापलेल्या हवेतल्या नायट्रिक ऑक्साइडचा इलेक्ट्रॉन सोडवायला 9.26 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, पोटॅशियमचा फक्त 4.34 ला सुटतो. म्हणून एखादा टक्का पोटॅशियम मिसळतात.

आता आकडे मांडून बघू, कारण खरी गंमत इथे आहे. चॅनेलमधल्या हवेचा वेग 2000 मीटर प्रति सेकंद, चुंबकीय क्षेत्र 2 टेस्ला. हवा वाहते म्हणूनच मीटरला 4000 व्होल्टचा विरोधी विद्युतदाब तयार होतो. आपण 4000 च लावले तर प्रवाह शून्य. त्याहून कमी लावले तर यंत्र जनित्र बनून हवेलाच ब्रेक लावेल. 6000 लावले, तर वरचे 2000 प्रवाह चालवतात. वाहकता मीटरला 100 सिमेन्स धरली, तर चौरस सेंटीमीटरला 20 अँपिअर, आणि दर मीटर लांबीला 4 बारचा रेटा. खर्चलेल्या शक्तीपैकी दोन तृतीयांश ढकलण्यात जाते, एक तृतीयांश नुसती उष्णता होते. व्होल्टेज वाढवाल तसा उष्णतेचा वाटा वाढतो.

बिघाड बहुधा भिंतीशी होतो. चुंबकीय क्षेत्र विजेच्या प्रवाहाला बाजूला वळवतं. या हॉल परिणामामुळे हवेच्या वाहण्याच्या दिशेनेही व्होल्टेज उभं राहतं. या परिणामाची तीव्रता सांगणारा हॉल गुणांक 1 असला, तर वरच्या उदाहरणात मीटरला 2000 व्होल्ट, म्हणजे सेंटीमीटरभर अंतरावरच्या दोन शेजारी इलेक्ट्रोडांमध्ये (हवेत वीज सोडणाऱ्या भिंतीतल्या पट्ट्यांमध्ये) 20. एकसंध इलेक्ट्रोड लावला तर हे व्होल्टेज शॉर्ट होऊन रेटा घटतो. म्हणून इलेक्ट्रोडांचे तुकडे करून मध्ये बोरॉन नायट्राइडसारखा विद्युतरोधक बसवतात. पुढे हवा विरळ होते तसा गुणांक वाढतो, म्हणून शेवटाकडचे तुकडे अरुंद हवेत. तरी थंड भिंतीवर पोटॅशियमचा थर बसला, की त्याच वाटेने आर्क धरतो आणि कडा खायला लागतो. चाचणीनंतर या फटी एकेक करून तपासायच्या, थर खरवडायचा आणि रोध मोजल्याशिवाय पुढची चाचणी सुरू करायची नाही.

माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न हवेच्या शुद्धतेचा आहे. पोटॅशियमचे क्षार ज्वाला विझवतात. अग्निशामक भुकटीत ते त्यासाठीच असतात. ज्योत चालू ठेवणारे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिक्रियाशील सुटे कण) ते टिपून घेतात. त्यामुळे अशा हवेत स्क्रॅमजेट (स्वनातीत वेगाच्या हवेत इंधन जाळणारं इंजिन) नीट पेटलं नाही, तर दोष इंजिनाचा की पोटॅशियमचा, हे सांगता येत नाही. इलेक्ट्रॉन शलाकेने, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोताने, हवा आयनीभूत केली तर पोटॅशियम टाळता येतं, पण थंड हवेत ऑक्सिजन सुटे इलेक्ट्रॉन पटकन गिळतो आणि शलाकेची शक्ती सतत ओतत राहावी लागते.