दुखत नाही, तरी तारीख

सकाळचे सात. परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर चहाचं दुसरं आधण उकळतंय. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूरहून आलेल्या ताई कडेला उभ्या आहेत. छातीशी साडीच्या दुकानाची पिशवी, आणि तिच्यात दरवर्षी सोलापुरात काढलेल्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या फिल्म.

ताईंना आज काही दुखत-खुपत नाही. चार वर्षांपूर्वीही नव्हतं. हाताला गाठही लागत नव्हती. फिल्मवर मात्र मीठ सांडावं तसे बारीक पांढरे ठिपके दिसले. सुईने तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला, डीसीआयएस, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची सगळ्यात सुरुवातीची अवस्था. दूध वाहून नेणाऱ्या नळीतल्या पेशी बिघडल्या होत्या, पण नळीची भिंत ओलांडून बाहेर पडल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, स्टेज झिरो.

या शून्याने फार घात होतो. शून्य म्हणजे काहीच नाही, असं घरचे धरून चालतात. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आता कशाला मुंबईच्या खेपा? पण स्तन राखून ऑपरेशन केलं की आजार परतण्याची शक्यता उरते. आणि परतलाच, तर साधारण निम्म्या वेळा तो नळीबाहेर शिरलेला कॅन्सर असतो. म्हणून पहिली 5 वर्षं दर 6 ते 12 महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. दुसऱ्या बाजूचीसुद्धा.

आत डॉक्टरबाई गेल्या वर्षीची फिल्म यंदाच्या फिल्मशेजारी लावतात. ऑपरेशनचा व्रणही फिल्मवर पांढराच दिसतो. तो होता तेवढाच आहे की वाढलाय, हे जुनी फिल्म सांगते. म्हणून कळकळीने सांगतो, दिवाळीच्या साफसफाईत ही पाकिटं रद्दीत घालू नका.

फिल्म चांगली आहे. ताई उठू लागतात.

"ताई, टॅमॉक्सिफेन रोज घेताय ना? अंगावरून काही जातंय का?"

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळतात. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोनदा लाल डाग दिसला. सुनेलाही सांगितलं नाही.

आजार परतू नये म्हणून दिलेल्या या गोळीने गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ शकतं, क्वचित तिथे कॅन्सरही होतो. पाळी गेल्यावर एक डाग दिसला तरी डॉक्टरांना सांगायचं, आणि गोळी मनाने बंद करायची नाही.

"थोडंसं गेलं," ताई हळू आवाजात म्हणतात.

डॉक्टरबाई सोनोग्राफी लिहून देतात. चिठ्ठी साडीच्या पिशवीत, सगळ्यात वर जाते.