काचेचं घर बडोद्याला चालायचं नाही

मंडळी, प्राणिसंग्रहालयांची दालनं आखणं हा माझा धंदा, आणि आजचा विषय उष्ण प्रदेशातल्या प्राण्यांचं दालन. तो वाचून काहीजण हसले असतील. उष्ण प्रदेशातल्या प्राण्यांसाठी बडोद्यात वेगळं दालन कशाला, आपण काय कमी तापतो? शंका रास्त आहे. कर्कवृत्त अहमदाबादच्याही वरून जातं. भूगोलाच्या हिशेबानं तुम्हीआम्ही सगळे उष्णकटिबंधातलेच प्राणी.

पण वर्षावनातल्या जिवाला हवी असते दमट, सावलीतली ऊब. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो आणि हवा अशी कोरडी, की दोरीवरचं धोतर बघता बघता वाळतं. जानेवारीच्या पहाटे तोच पारा १२पर्यंत उतरतो. युरोपचा प्रश्न फक्त थंडीचा. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयातलं मासोआला दालन २००३ सालचं, ११,००० चौरस मीटरचं. लाइपझिगचं गोंडवानालँड २०११चं, १६,५०० चौरस मीटरचं. वर पारदर्शक छत, खाली जंगल. फोटो इतके देखणे की दालन बांधून घ्यायला जो येतो तो तेच घेऊन येतो.

मीही भुललो होतो. दीड हाताचं काचेचं मॉडेल केलं आणि मे महिन्यात थर्मामीटर घालून गच्चीवर ठेवलं. दुपारी जाऊन बघतो तर पारा पन्नाशीपार, आणि आतली थर्मोकोलची झाडं डिंक सुटून आडवी झालेली.

काचेचा दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. हिरवा इग्वाना, म्हणजे झाडावर राहणारा मोठा सरडा, घ्या. उन्हातल्या अतिनील किरणांचा ‘बी’ पट्टा कातडीवर पडला, तर ‘ड-३’ जीवनसत्त्व बनतं. ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. साधी काच नेमका हाच पट्टा अडवते. म्हणजे ऊन लख्ख पडलंय, इग्वाना त्यात ऐसपैस पसरलाय, आणि उन्हाला उपाशीच! मासोआलाचं छत काचेचं नाही. ते ईटीएफई नावाच्या पातळ प्लास्टिकचं आहे, त्यातून हे किरण आत येतात.

मग आपण काय करायचं? मला उत्तर दांडिया बाजारातल्या आजोळच्या वाड्यात सापडलं. मध्ये चौक, भोवती पडवी, उन्हाळ्यात दारावर वाळ्याचे पडदे आणि त्यांवर पाणी शिंपडायची आम्हा पोरांवर पाळी. कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आली की थंडही होते आणि दमटही. आपल्या प्राण्याला दोन्ही हवं! पावसाळ्यात ही युक्ती फसते, कारण हवेला आणखी पाणी नको असतं. पण तेव्हा गरजच काय? छताच्या झडपा उघडा, बाहेरच वर्षावन आहे. हिवाळ्यात रात्री झडपा बंद, आणि दिवसा तापलेली जाड विटांची भिंत हळूहळू ऊब सोडत राहते. एकच दालन, पण ऋतूगणिक कूस बदलणारं.

तापमानाचा एकच आकडा मी नकाशावर कधी लिहीत नाही. इग्वानाला शेकायला ३५ अंशांची फांदी लागते, आणि चार हातांवर गार सावलीही. कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.

फरशीचा धडा मात्र राखणदारानं दिला. एका कामात मी मोठ्या हौसेनं खडबडीत दगड घातला होता. म्हातारबुवांनी त्यावरून पाय फिरवला आणि विचारलं, “साहेब, आ धोईशुं केवी रीते?” म्हणजे, हे धुवायचं कसं? मी गप्प. वास्तुकलेची एवढी पुस्तकं वाचली, पण झाडू कुणाच्या हातात असणार हे मनात आलं नव्हतं. आता कामाची वाट गुळगुळीत, मीटरला दोन सेंटिमीटर उतार. आणि प्राण्याच्या पायाखाली माती, पालापाचोळा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वास्तुविशारद लुबेटकिननं १९३४ साली पेंग्विनांसाठी काँक्रीटचा अप्रतिम तलाव बांधला. वास्तुकलेचे विद्यार्थी अजून तो बघायला जातात. पेंग्विन २००४ साली तिथून हलवले.

शेवटी आपली विश्वामित्री. आपलं प्राणिसंग्रहालय जिथे आहे ती कमाटीबाग १८७९ सालची, नदीला चिकटून. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यावर आल्या होत्या, तुम्ही पाहिलंच. म्हणून नव्या आराखड्यात पंप आणि विजेचे फलक मी माळ्यावर नेलेत. खर्च वाढला, त्यावरून बोलणीही खाल्ली. इग्वानाची मला काळजी नाही, तो पट्टीचा पोहणारा. चिमुकल्या मार्मोसेट माकडांसाठी मात्र एक जाड दोरखंड तुळईपर्यंत चढवला आहे, आणि त्याच्या टोकाला एक कोरडी लाकडी पेटी.