ड्यूकचा वाढदिवस

(दृश्य: पहाट. वैनगंगेवरचं धुकं. बांधीत रचलेले धानाचे पुंजणे.)

भाऊबीज होऊन चार दिवस झालेत. वडशाहून ब्रह्मपुरीकडे निघालं, वैनगंगा ओलांडली, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हेच दिसतं. कापलेलं धान, तणसाचे ढीग आणि झाडाझाडाला बांधलेले नाटकांचे फलक. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रांचे दिवस आहेत. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात, या दिवसांत पाहुणा घरी येतो तो रात्री नाटक बघूनच जातो.

आम्ही कॅमेरा घेऊन आलो होतो ते एका भांडणासाठी.

(दृश्य: छपरी. बाजेवर दोन डोकी, एक फोन. मागे आजी सुपात तांदूळ पाखडते आहे.)

भांडण मामे-आते भावंडांचं. भाऊ अकरावीत, बहीण नववीत. ती मंडईसाठी आत्याकडे आली आणि भावानं तिच्या फोनवर एक गेम टाकून दिला. ओल्ड स्कूल रुनस्केप, अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायचा कथेचा खेळ. हा खेळ तिच्यापेक्षा जुना आहे. मूळ रुनस्केप २००१ च्या जानेवारीत सुरू झालं. पुढे ते इतकं बदललं की जुने खेळाडू कुरकुरायला लागले. मग कंपनीनं ऑगस्ट २००७ मधली जपून ठेवलेली प्रत काढली आणि २०१३ मध्ये तीच वेगळा खेळ म्हणून उघडली. २०१८ मध्ये ती फोनवर आली. चित्रं ठोकळ्याठोकळ्यांची, त्यामुळे साध्या फोनवरही चालतं.

वाद एवढाच, की खेळातली माणसं बोलायला लागली की ते वाचायचं का, की दाबत सुटायचं.

"वाचून काय रायली वं? दाब ना पटपट!"

हा भावाचा आवाज. आता त्याचा अंगठा बघा.

(दृश्य: अंगठा, अगदी जवळून. वाक्य उमटतं, अंगठा पडतो. पुन्हा उमटतं, पुन्हा पडतो.)

एकही वाक्य पुरतं उमटू देत नाही. आम्ही चित्रण थांबवून विचारलं, आता तो माणूस काय म्हणाला? "काईतरी आनून दे म्हनला." काय आणून द्यायचं? "यूट्यूबवर हाय ना."

त्याला दोष द्यायचा तर थोडा मागे जाऊन द्यावा लागेल. इथल्या पोरांची पिढी पबजीवर वाढली. विमानातून उडी मारा, बंदूक उचला, अर्ध्या तासात खेळ खलास. तिथं कुणी कुणाला आपली अडचण सांगत बसत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, पोरं फ्री फायरकडे गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेही गेलं. मग जे हाती लागलं ते खेळत काही जण अशा कथेच्या खेळांकडे आले, पण अंगठ्याची सवय घेऊन आले.

दुसरी गोष्ट भाषेची. सगळं इंग्रजीत. तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकलेल्या पोरानं खेळातल्या स्वयंपाक्याचं रडगाणं कशाला वाचावं? हा प्रश्न खोटा नाही.

(दृश्य: वही. शंभर पानी, कव्हरला देवीचं चित्र. निळ्या शाईत ओळी.)

बहिणीनं मात्र वही काढली. हे पान आम्ही खूप वेळ टिपलं, कारण आम्हाला इथं मिळालेलं सगळ्यात चांगलं चित्र हेच. "हॉपर – गिरनीचं वरचं तोंड." त्याखाली "लिव्हर – ओढाचा दांडा." त्याखाली "ड्यूक – राजापेक्षा लहान, पाटलापेक्षा मोठा."

तिची पहिली कामगिरी, खेळाडूंच्या भाषेत क्वेस्ट, अशी आहे. लम्ब्रिज नावाच्या गावचा किल्ला. किल्ल्यातला स्वयंपाकी घाबराघुबरा. आज ड्यूकचा वाढदिवस, केक करायचा आहे आणि हा सामान आणायचं विसरला. एक अंडं, बादलीभर दूध आणि मडकंभर पीठ आणून दे, म्हणतो.

आजीचं सूप थांबलं.

"साखर?"

"साखर नाई सांगतली, आजी."

"मंग तो केक कायचा!"

पुढची वीस मिनिटं आम्ही कॅमेरा हलवलाच नाही. कोंबड्यांच्या वाड्यात अंडं सापडलं. गाय सापडली, धार काढायची बादली सापडली. आजीला फोनवरची गाय पसंत पडली नाही, पण ती पुढे सरकून बसली. मग गहू. शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर न्यायचा, हॉपरमध्ये टाकायचा, दांडा ओढायचा आणि खाली उतरून मडकं भरायचं. बहिणीनं हे सगळं वहीत बघून केलं. एकदाच चुकली, मडकं किल्ल्याच्या स्वयंपाकघरात विसरून आली होती. परत गेली. आजी म्हणाली, "आपल्या राईस मिलातई असंच होते. थैली घरी रायते."

भावाला विचारलं, तुझी पहिली खेप कशी झाली होती? तो हसला. गहू टाकला, दांडा ओढायचा राहिला आणि खाली येऊन रिकाम्या डब्याकडे बघत उभा राहिला. खेळ बिघडला म्हणून त्यानं फोन बंद करून चालू केला होता. दोनदा.

(दृश्य: फोनवर बेट, आग, ड्रॅगन.)

त्याचा खरा मार पुढचा आहे. याच खेळात ड्रॅगन मारायची मोहीम आहे. ती पार पाडल्याशिवाय रून प्लेटबॉडी नावाचं चिलखत अंगावर चढत नाही. ती हाती घ्यायची तर आधीच्या क्वेस्टमधून ३२ गुण जमवावे लागतात. म्हणजे कथा टाळून चिलखताकडे जाणारी वाटच ठेवलेली नाही. मोहिमेच्या सुरुवातीला एक जण समजावून सांगतो की ड्रॅगनच्या आगीपासून वाचवणारी ढाल ड्यूककडून मागून घे. कोणता ड्यूक? तोच, लम्ब्रिजचा, वाढदिवसवाला. भावानं हे बोलणं दाबून टाकलं आणि व्हिडिओत ढालीचा भाग पुढे ढकलला. बेटावर पोचला, आग आली, संपला. ढाल फुकट मिळते. मागितली तर.

(दृश्य: रात्र. नाटकाचा मंडप. ट्यूबलाइट, पडदा, गोधड्या पांघरून बसलेली माणसं.)

रात्री भावाच्या क्लॅनची, म्हणजे खेळातल्या त्याच्या टोळीची, मोठी लढाई टिपायची होती. नेटवर्क गेलं, ती राहिली. मग आम्हीही गावाबरोबर नाटकाला जाऊन बसलो.

झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि पहाटेला संपतं. कंपन्या बहुतेक वडशाच्या. दिवाळीपासून पुढे काही महिने रोज नवं गाव, रोज नवा मंडप. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

या गृहस्थांकडे बघा. पहिला अंक झोपेत गेला. दोन वाजता जागे झाले आणि शेजाऱ्याला विचारताहेत, "हा कोन? हा कायले रडून रायला?" शेजाऱ्यानं एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं गोधडी डोक्यावर ओढली.

(दृश्य: संगणकाचा पडदा. नागपुरात शिकणाऱ्या, याच गावच्या एका मुलानं दिलेलं रेकॉर्डिंग.)

हीच अडचण एका मोठ्या खेळाला वर्षानुवर्षं छळत होती. फायनल फँटसी चौदा, हाही ऑनलाइन कथेचा खेळ. २०१० मध्ये आला, आपटला. निर्माता-दिग्दर्शक नाओकी योशिदा यांच्या हाती सूत्रं गेली आणि २०१३ मध्ये तो जवळजवळ नव्यानं उभा राहिला. यात मुख्य कथा हाच रस्ता. ती पुढे सरकल्याशिवाय पुढचे प्रदेश उघडत नाहीत. पहिल्या भागाच्या अखेरीला दोन मोठ्या मोहिमा, कॅस्ट्रम मेरिडियानम आणि प्रेटोरियम, आठ-आठ जणांच्या. त्यांत जुने खेळाडू नव्यांबरोबर यायचे, कटसीन, म्हणजे मध्येच सिनेमासारखे चालणारे कथेचे प्रसंग, स्किप करून धावत सुटायचे. नवा माणूस बिचारा खलनायकाचं भाषण ऐकून होईपर्यंत खलनायक मेलेला असायचा. म्हणून कंपनीनं तिथले कटसीन कुणालाच सोडता येणार नाहीत असं केलं. मग जुने चिडले. तेच भाषण ते शंभराव्यांदा ऐकत, फोनवर दुसरं काहीतरी बघत बसायचे. अखेर एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही मोहिमा मोडून चौघांच्या केल्या आणि शेवटची लढाई वेगळी काढली.

आता दुसरी बाजू, थोडक्यात. मित्र पुढे गेलेले असतात, त्यांना गाठायचं असतं. कथा लांबते, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. योशिदांच्याच चमूनं ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्या भागातली बरीच किरकोळ कामं छाटली. पैसे मोजून कथा गाळायची सोयही तिथं २०१७ पासून आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन खेळानं तर २०१४ मध्येच साठ डॉलरला थेट नव्वदावी लेव्हल विकली. ज्यानं एकदा सगळं पाहिलंय त्यानं दुसऱ्या पात्राच्या वेळी कथा खुशाल गाळावी. कथा वाचावी, हे आमचं म्हणणं पहिल्या खेपेपुरतं आहे.

भावानं पुढे तीन आठवड्यांत गेम काढून टाकला. क्लॅनही मोडला.

(दृश्य: सकाळ. मंडप उतरतो आहे. छपरीत पुन्हा तोच फोन.)

बहीण किल्ल्यात परतली. अंडं दिलं, दूध दिलं, पीठ दिलं. स्वयंपाकी खूश. आता स्वयंपाकाचे तीनशे गुण तिच्या खात्यात पडणार. भाऊ म्हणाला, झालं, आता पुढची घे. ती म्हणाली, थांब, तो अजून बोलून रायला.

तिनं ओळ वाचली. मग हसायला लागली. भावानं मान वळवून वाचली. ही क्वेस्ट त्यानं दोन खात्यांवर केली होती, पण ही ओळ पहिल्यांदा बघत होता.

"काय म्हनते?" आजीनं विचारलं.

"मी विचारलो का जेवाले येऊ का मनून. तर नाई म्हनते. ड्यूकसंगं फक्त मोठे मोठे लोकं जेवतेत."

आजीनं सूप खाली ठेवलं.

"मंग दूध कायले देल्लं त्याले?"