सहावी फायनल

(दृश्य: संध्याकाळचे दिवे लागलेत. गॅलरी गच्च. मैदानाच्या मधोमध खेळाडूंचा घोळका, चेंडू कुठेतरी बाजूला पडलेला.)

२७ ऑक्टोबर २०२४. काठमांडूची दशरथ रंगशाला. नेपाळीत स्टेडियमला रंगशाला म्हणतात. आपल्या कानाला हा शब्द नाटकाचा वाटतो, आणि त्या संध्याकाळी नाटक झालंही.

साफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या फुटबॉल महासंघाच्या, महिला अजिंक्यपद स्पर्धेची सेमीफायनल. भारत विरुद्ध नेपाळ. दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे नेपाळची रेखा पौडेल बाहेर गेली आहे. यजमान उरल्यात दहा जणी. बासष्टाव्या मिनिटाला संगीता बासफोर लांबूनच फटका मारते. गोल! भारताच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि त्यांचा आनंद ओसरायच्या आत नेपाळ मैदानाच्या मधून खेळ पुन्हा सुरू करून चेंडू थेट भारताच्या जाळ्यात नेऊन टाकतं. गॅलरी उसळते. रेफरी मात्र गोल नाकारते.

मग खेळ थांबतो. पाच-दहा मिनिटं नाही, तासाहून जास्त. नेपाळच्या खेळाडू खेळायला तयार नाहीत, प्रेक्षक जागचे हलायला तयार नाहीत. फुटबॉल खेळलेल्या कुणालाही विचारा, तासभरात गार पडलेले पाय पुन्हा पळते करणं काय असतं ते. शेवटी खेळ सुरू होतो आणि थोड्याच वेळात दहा जणींचं नेपाळ बरोबरी साधतं. गोल साबित्रा भंडारीचा. पेनल्टीवर नेपाळ ४-२ ने जिंकतं.

म्हणजे नेपाळ फायनलला. सहाव्यांदा.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, एकामागून एक.)

ही स्पर्धा सुरू झाली २०१० मध्ये, बांगलादेशात, समुद्रकाठच्या कॉक्स बझारला. पहिल्याच वर्षी भारताने भूतानला १८-० ने हरवलं. असा स्कोअर वाचून हसू येतं खरं, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. दक्षिण आशियातल्या बऱ्याच देशांत तेव्हा मुलींचा राष्ट्रीय संघ नुकता कुठे उभा राहत होता. भारताकडे निदान मणिपूर होतं, ओडिशा होतं, जिथे मुली आधीपासून खेळत होत्या.

त्यानंतर कोलंबो, इस्लामाबाद, सिलिगुडी, बिराटनगर. पाच स्पर्धा, पाचही भारताच्या. आपल्याकडे या स्पर्धेची बातमी यायची ती एवढीच, आतल्या पानावर चार ओळी, ‘भारत पुन्हा विजेता’. समोर कोण होतं हे फारसं कुणी विचारलं नाही. सिलिगुडी सोडली, तर दर वेळी नेपाळ होतं. २०१४ मध्ये इस्लामाबादला तर फायनलमध्ये ६-० असा मार खाल्लेलं नेपाळ. तरी पुढच्या खेपेला आहेच उभं.

साबित्रा त्याच नेपाळची. लमजुंग जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली मुलगी, चाहत्यांची ‘सांबा’. गंमत म्हणजे तिचे बरेच गोल भारतातच झाले. इंडियन वुमेन्स लीगमध्ये ती आधी तामिळनाडूच्या सेतू एफसीकडून खेळली, मग गोकुलम केरळकडून, आणि गोकुलमला तिने लीग जिंकून दिली. बांगलादेशची तेव्हाची कर्णधार सबिना खातूनही सेतूकडून खेळून गेली. शेजारणींना आपल्याच अंगणात सराव मिळाला, असं म्हणायला हरकत नाही. पुढे साबित्रा फ्रान्सच्या गँगाँ क्लबपर्यंत पोहोचली.

(दृश्य: हिरवी भातशेतं. शाळेचं पटांगण. अनवाणी मुली चेंडूमागे.)

आता बांगलादेश. मयमनसिंह जिल्ह्यात, मेघालयच्या गारो डोंगररांगांच्या पायथ्याशी कलसिंदूर नावाचं गाव आहे. २०११ मध्ये बांगलादेशात प्राथमिक शाळांतल्या मुलींसाठी फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि या गावच्या सरकारी शाळेने संघ उतरवला. त्या एका शाळेतून राष्ट्रीय संघात किती जणी याव्यात? सानजिदा अख्तर, मारिया मांडा, तहुरा खातून, दोन शमसुन्नाहार. दोघींचं नाव एकच, म्हणून एक सीनियर, एक ज्युनियर. शाळेच्या हजेरीपटावरची सवय थेट देशाच्या जर्सीपर्यंत गेली.

चितगावच्या डोंगराळ भागातूनही मुली आल्या, चाकमा समाजातल्या. रूपना गोलकीपर, मोनिका मधल्या फळीत, ऋतुपर्णा डाव्या बगलेला. रूपनाच्या मोडक्या घराचा फोटो देशभर फिरला तेव्हा कुठे सरकारने तिला घर बांधून द्यायचं ठरवलं. त्यासाठी तिला आधी स्पर्धेची सर्वोत्तम गोलकीपर व्हावं लागलं, हे लक्षात ठेवायला हवं.

(दृश्य: सप्टेंबर २०२२. पावसाने चिखल झालेली दशरथ रंगशाला.)

ती स्पर्धा २०२२ ची. साखळीत बांगलादेशने भारताला ३-० ने हरवलं. भारताची या स्पर्धेतली ती पहिली हार. सेमीफायनलला नेपाळने भारताला १-० ने घरी पाठवलं. पहिल्यांदाच भारताशिवाय फायनल.

१९ सप्टेंबर. मैदान म्हणजे नांगरलेलं शेत. चेंडू टप्पा घ्यायचा सोडून रुतून बसतोय. बांगलादेशची सिरात जहान स्वप्ना सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर जाते, तिच्या जागी शमसुन्नाहार ज्युनियर येते आणि चौदाव्या मिनिटाला गोल करते. मग कृष्णा रानी सरकारचे दोन. मधे नेपाळच्या अनिता बस्नेतने एक फेडला, तेवढाच. ३-१. आठ गोल करणारी सबिना स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

फायनलच्या आधी सानजिदाने फेसबुकवर एक पोस्ट लिहिली होती. उघड्या छताच्या बसमधून मिरवणूक निघाली नाही तरी चालेल, असं काहीसं त्यात होतं. ते वाचून लोकांना राहवलं नाही. ढाक्यात एका दुमजली बसचं छत चक्क कापून काढलं गेलं. विमानतळापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. वरच्या मजल्यावर मुली हात हलवत उभ्या, आणि वाटेत लटकणारा एक जाहिरातीचा फलक ऋतुपर्णाच्या डोक्याला लागला. मिरवणूक पुढे गेली, ती टाके घालायला दवाखान्यात.

तिचं नाव लक्षात असू द्या.

(दृश्य: ३० ऑक्टोबर २०२४. तीच रंगशाला. गॅलरीत लाल-निळे झेंडे.)

पुन्हा नेपाळ, पुन्हा बांगलादेश. तीन दिवसांपूर्वीच्या त्या लांबलेल्या सेमीफायनलनंतर काठमांडूला वाटतंय, या वेळी तरी. पहिल्या हाफमध्ये गोल नाही. दुसऱ्या हाफला मोनिका बांगलादेशला पुढे नेते, आणि बांगलादेशच्या मुलींना श्वास घ्यायच्या आत अमिषा कार्की बरोबरी करते. गॅलरीतला आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

एक्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू डावीकडे ऋतुपर्णाकडे येतो. ती अगदी रेषेच्या जवळ आहे. तिथून कुणी गोलवर मारत नाही. मधे चेंडू टाकायचा, एवढंच त्या जागेवरून अपेक्षित असतं. ऋतुपर्णा डाव्या पायाने चेंडू उचलते. तो वर जातो, वळतो, गोलकीपरच्या हातांवरून आत उतरतो. २-१. ती स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू.

पुढच्या जुलैत तिनेच यांगूनला म्यानमारविरुद्ध दोन गोल केले आणि बांगलादेश पहिल्यांदाच महिला आशिया कपला पात्र ठरलं. त्याच आठवड्यात चियांग माईला भारताने थायलंडला हरवून आपली जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आणि नेपाळ? ताश्कंदला उझबेकिस्तानशी ३-३ अशी बरोबरी. निकाल पेनल्टीवर. पेनल्टीवर हार.

(दृश्य: रिकामी होत चाललेली रंगशाला. दिवे अजून चालू.)

३० ऑक्टोबरच्या त्या रात्रीकडे परत येऊ. मैदानात बांगलादेशच्या मुली एकीवर एक कोसळल्यात. उपविजेत्यांनाही पदक मिळतं. ते गळ्यात घालून घ्यायला नेपाळच्या मुलींना रांगेत उभं राहावं लागतं. त्या रांगेत कुठे उभं राहायचं, हे एव्हाना त्यांना कुणी सांगावं लागत नाही.