जुन्या जीपचा पॉवर स्टिअरिंग पंप बदलताय? आधी हे मोजा

(जीपचं बॉनेट उघडं, इंजिन आयडलवर)

ऐका. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं की हा घुरघुरणारा आवाज येतो. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की जुन्या फोर बाय फोरला पॉवर स्टिअरिंगचा मोठा पंप लावला तर फरक पडतो का? पडतो. पण कशाने पडतो हे कळल्याशिवाय पैसे घालू नका, म्हणून आज हा व्हिडिओ.

(इंजिन बंद)

ही आमच्या घरची महिंद्राची जीप, एमएम ५४०. वडिलांनी घेतली तेव्हा साधं स्टिअरिंग आणि अरुंद सोळा इंची टायर होते. वळवायला दंडात ताकद लागायची, पण वळायची. मी पुढे रुंद टायर घातले, व्हील बाहेर सरकले, आणि जागेवर स्टिअरिंग हलेनासं झालं. म्हणून पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं तेलाच्या जोराने चाकांकडे पोचवणारा भाग, बसवून घेतला. बॉक्स चांगला होता. पंप मात्र एका छोट्या कारचा लागला, कारण तो हाताशी होता आणि ब्रॅकेटवर बसत होता.

डांबरी रस्त्यावर कधीच तक्रार नव्हती. ओढ्यातल्या गोट्यांवर लो रेंज (फोर बाय फोरचे हळू पण ताकदीचे गिअर), पहिला गिअर, इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, आणि दोन्ही हातांनी भराभर स्टिअरिंग फिरवायचं, तिथे ते मधेच गच्च व्हायचं. क्षणभर मोकळं, क्षणभर दगड. थोडा ॲक्सिलरेटर दिला की पुन्हा हलकं. पण गोट्यांवर ॲक्सिलरेटर द्यायचा म्हणजे गाडी उडी मारणार, आणि चाक नको तिथे पडणार.

ही खूण नीट लक्षात ठेवा: आयडलला जड, रेस केल्यावर हलकं. याचा अर्थ पंपाकडून बॉक्सला येणारं तेल कमी पडतंय. आणि रेस करूनही जडच राहत असेल तर तो वेगळा आजार आहे.

(पंप हातात घेऊन)

पंप दाब तयार करतो, असं आपण म्हणतो. खरं तर पंप फक्त तेल ढकलतो. तेलाची वाट अडली की दाब तयार होतो. स्टिअरिंग सरळ असताना तेल बॉक्समधून आरामात फिरून टाकीत परत येतं. तुम्ही वळवता तेव्हा बॉक्समधला व्हॉल्व्ह एक वाट अरुंद करतो, तेल पिस्टनच्या एका बाजूला साठतं आणि पिस्टन ढकलला जातो. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ मध्ये पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवलं, आणि १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमधून ते विक्रीच्या गाडीत आलं. तेल फिरतं ठेवायचं आणि गरजेपुरतं अडवायचं, ही कल्पना या जीपच्या बॉक्समध्येही तशीच आहे.

म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या धरा. दाब ठरवतो जोर किती मिळेल. प्रवाह ठरवतो तो जोर तुमच्या हातांच्या वेगाने येईल की मागे पडेल. माझ्या जीपला जोर पुरेसा होता, तेल हातांना गाठत नव्हतं.

आता थोडं गणित. सोपं आहे, वही घ्या.

समजा, तुमच्या बॉक्सच्या पिस्टनला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला २४० सीसी तेल लागतं, आणि तेवढ्यात स्टिअरिंगचे ४ फेरे होतात. म्हणजे एका फेऱ्याला ६० सीसी. गोट्यांवर घाईत तुम्ही सेकंदाला दीड फेरा मारता. ९० सीसी सेकंदाला, म्हणजे मिनिटाला ५.४ लिटर. बॉक्सच्या आतली गळती लिटर-दीड लिटर धरा. झाले जवळपास ७ लिटर.

आता पंपाची बाजू. पंप एका फेऱ्याला ७ सीसी ढकलत असेल आणि आयडलला ७५० आरपीएमने फिरत असेल, तर मिनिटाला सव्वापाच लिटर. तेही कागदावर. तेल तापून पातळ झालं की त्याहून कमी. तूट इथेच आहे. त्याच जागी १० सीसीचा पंप लावा, साडेसात लिटर होतात. बेल्ट फिरवणारी इंजिनची (क्रँकची) पुली १५० मिलिमीटर आणि पंपाची १३० असेल, तर पंप इंजिनपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त फिरतो, आणि तुम्ही साडेआठ लिटरच्या पुढे जाता.

म्हणून दुकानात जाऊन "मोठा पंप द्या" म्हणू नका. एका फेऱ्याला किती सीसी, आणि आतला फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह किती लिटरला बसवलेला, हे दोन आकडे विचारा. हा व्हॉल्व्ह जास्तीचं तेल पंपातच परत वळवतो. तो नसता तर हायवेवर इंजिन तीन हजारावर फिरताना पंपाने चौपट तेल पाठवलं असतं. व्हॉल्व्ह पार मोकळा करून प्रवाह वाढवणारे मी पाहिले आहेत. गोट्यांवर मजा येते, पण ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग पिसासारखं होतं आणि रस्ता हाताला कळत नाही. आखूड जीपमध्ये हे धोक्याचं आहे. माझं मत विचाराल तर बॉक्सला जेवढं तेल लागतं त्याच्या थोडं वर थांबा.

आणि दाब ठरावीक हद्दीत ठेवणाऱ्या दाबाच्या व्हॉल्व्हखाली वॉशर घालून दाब वाढवायचा उद्योग करू नका. बॉक्सची सील त्या दाबासाठी नसते. आधी सील जाते, मग सगळं तेल चेसीवर.

(जीपच्या पुढच्या ॲक्सलपाशी बसून)

पंप मागवायच्या आधी एक तास इथे घालवा. गाडी पुढून उचला, बॉक्सला चाकांशी जोडणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, सोडा, आणि चाकं हाताने इकडून तिकडे वळवून बघा. अडखळत असतील तर किंग पिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग गंजलेत किंवा टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे सांधे) आखडलेत, आणि जगातला कुठलाही पंप ते बरं करणार नाही. माझ्या डाव्या बाजूचं बेअरिंग खडखडीत कोरडं निघालं. चिखल-पाण्यातल्या गाड्यांचं हे नेहमीचंच आहे.

मग बेल्ट. एका व्ही बेल्टवर पंप असेल आणि तो ढिला असेल, तर तोही आयडलला घसरतो आणि दिसायला सगळं पंपासारखंच दिसतं. चिरकणारा आवाज असेल तर आधी बेल्ट. तिसरं म्हणजे पंपाकडून बॉक्सकडे जाणाऱ्या प्रेशर लाइनमध्ये गेज लावून पूर्ण लॉकला, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून, दाब बघा, पाच सेकंदांच्या आत. त्याहून जास्त नाही.

का नाही, तेही सांगतो. ८० बार दाब आणि ८ लिटर प्रवाह, यांचा गुणाकार करून ६०० ने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं: १ किलोवॅटपेक्षा थोडं जास्त. लॉकला स्टिअरिंग धरून ठेवलं की ती सगळी ताकद तेलाच्या उष्णतेत जाते. आंघोळीचं पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड असतो ना, तो तुम्ही लिटरभर तेलात बुडवलाय असं समजा. मोठा पंप लावला म्हणजे हा रॉडही मोठा झाला. त्यामुळे पंपाबरोबर रिटर्न लाइनवर, म्हणजे तेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपावर, छोटा कूलर लावायचाच. मी रेडिएटरच्या पुढे, वाऱ्यात लावलाय.

पाइपांबद्दल. प्रेशरचा पाइप ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप क्रिंप करून देणाऱ्या दुकानातून करून घ्या, बॅन्जोला, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या गोल जोडाला, नवीन कॉपर वॉशर घाला. टाकीतून पंपाकडे येणारा पाइप जाड आणि आखूड ठेवा, आणि टाकी पंपाच्या वर. तिथे रेडिएटरचा पाइप चालत नाही, तेलाने आतून फुगतो. पंपाला तेल ओढायला त्रास झाला की ते फेसाळतं, आणि सुरुवातीला ऐकलेला आवाज येतो. दाबाखाली गळती शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक धार कातडीच्या आत शिरते आणि मग थेट ऑपरेशनच करावं लागतं.

पुली पुलरने काढा आणि बसवायच्या टूलनेच बसवा. हातोडीचा एक ठोकाही आतल्या बेअरिंगपर्यंत जातो.

आता हवा काढणं, जिथे घाई करून मी पहिला पंप जवळजवळ घालवला होता. इंजिन लगेच सुरू केलं, तेलाचा गुलाबी फेस झाला आणि रात्रभर बसला नाही. बरोबर पद्धत अशी: पुढची दोन्ही चाकं स्टँडवर, इंजिन बंद, टाकी भरलेली. एक माणूस सावकाश लॉक टू लॉक फिरवेल, वीस वेळा. दुसरा टाकीकडे बघेल आणि तेल टाकत राहील. बुडबुडे थांबले की अर्धा तास चहा घ्या, पुन्हा फिरवा. मगच इंजिन. तेल बॉक्स आणि पंप बनवणाऱ्याने सांगितलेलंच, आणि जुन्यात नवीन वेगळ्या जातीचं मिसळायचं नाही. पावसाळ्यात ओढे ओलांडले की टाकीचं झाकण उघडून बघा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला.

(चेसीवर टॉर्च मारत)

हे बघा. बॉक्स जिथे बोल्टने धरलाय, तिथे चेसीला केसासारखी चीर. ही चेसी पॉवर बॉक्सच्या जोरासाठी बनलेली नाही. नवीन पंपाने तो जोर आयडललाही पूर्ण मिळू लागला, आणि दोन महिन्यांत ही दिसली. आता आतून प्लेट आणि समोरच्या बाजूला ब्रेस घातलाय. तुम्ही पंपाच्या आधीच घाला.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात असू द्या. उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर त्यात बंधनं आहेत. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

(गोट्यांवर जीप उभी, इंजिन आयडलवर, एका हाताने स्टिअरिंग)

आता बघा. ॲक्सिलरेटरवर पाय नाही. डावीकडे पूर्ण. उजवीकडे पूर्ण. पुन्हा डावीकडे, भराभर. कुठेच अडकत नाही. शेवटाला टेकायच्या आत सोडतोय, ते तेवढं बघून ठेवा.