लहर आधी, आवाज नंतर

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे मीडियम वेव्हवर केंद्र लावून बसणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की अनुभवली असेल. आकाशवाणीची परिचयधून सुरू होण्याच्या थोडे आधी रेडिओतली खरखर एकाएकी दबते. अजून सूर नाही, शब्द नाही, तरी केंद्र जागे झाल्याचे कानाला कळते. ती शांतता म्हणजेच वाहक लहर, आवाज वाहून नेणारी रेडिओ लहर.

पुणे केंद्राची ही लहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ७,९२,००० कंपनांची असते. माणसाचा आवाज काही शे ते काही हजार कंपनांचा. १,००० कंपनांची लहर थेट आकाशात सोडायची, तर तिची लांबी ३०० किलोमीटर भरते आणि पाव लहरीइतका मनोरा ७५ किलोमीटर उंच लागतो. ७९२ किलोहर्ट्झला तेच काम शंभर मीटरच्या आत भागते. म्हणून आवाज या वेगवान लहरीवर स्वार होतो. मीडियम वेव्हमध्ये त्याच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची बदलते, एफएममध्ये तिची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. आपला रेडिओ लहर निवडतो, तिच्यावरचा आवाज उतरवून घेतो आणि लहर सोडून देतो. पुन्हा सांगतो, लहर आधी, आवाज नंतर.

हे ज्यांनी प्रथम करून दाखवले, त्या रेजिनाल्ड फेसेंडेन यांची हकिकत मला फार प्रिय आहे. २३ डिसेंबर १९००, अमेरिकेतील पोटोमॅक नदीतले कॉब बेट. सुमारे दीड किलोमीटर अंतरावर दोन खांब. सेकंदाला सुमारे १०,००० ठिणग्या पाडणाऱ्या यंत्रातून लहर निघत होती आणि फेसेंडेन यांनी कार्बनचा मायक्रोफोन सरळ अँटेनाच्या तारेतच जोडला होता. ते त्यात बोलले आणि पलीकडच्या खांबापाशी बसलेले सहकारी थिसेन यांना त्यांनी विचारले, ‘तुमच्याकडे बर्फ पडतोय का? पडत असेल तर तारसंदेशाने कळवा.’ थिसेन यांनी बिनतारी संदेशाने लगेच कळवले की, होय, पडतो आहे.

फेसेंडेन यांच्या १९०६ सालच्या नाताळच्या प्रसारणाची कथा अधिक सांगितली जाते. मला हा बर्फाचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याला उत्तर आले आणि शब्द कळल्याचा पुरावा हाती पडला.

शब्द पोचले खरे, पण त्यांच्याभोवती मोठी खरखर होती. प्रत्येक ठिणगीची लहर विझत जाई, पुढची नव्याने उठे आणि अशा तुटक लहरीवर आवाज नीट बसत नसे. सलग लहर त्यांना अतिवेगाने फिरणाऱ्या जनित्रातून मिळाली. तिच्यावरचे बोलणे त्यांनी डिसेंबर १९०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रँट रॉक येथून ऐकवले.